एका कुलपात दोन नावं

३ फेब्रुवारी

खिळ्या,

माझ्या दुकानाची वेबसाइट बिघडली आहे. म्हणजे उघडते, पण उघडली की वर पत्त्याशेजारी 'असुरक्षित' असं येतं. पायांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला ते त्यांच्या फोनवर दाखवलं. आवाज खाली करून दाखवलं, जणू माझ्या कपड्यांना मागे डाग पडला आहे.

आधी राग आला. माझ्या दुकानातून आजवर एक सुई हरवलेली नाही. मग त्यांनी समजावलं. रुग्ण वेबसाइटवरून पायाचं माप पाठवतात, सोबत आजाराचं नाव आणि घरचा पत्ता. ते वाटेत कुणीही वाचू शकतं. दवाखान्याचा नियम बदलला आहे. मार्चअखेरीला ते सगळ्या वेबसाइट तपासणार. एप्रिलपासून ते अशा वेबसाइटवर कुणालाही पाठवणार नाहीत. कुलपाचं चित्र दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर माझे लोक मोठ्या कंपनीकडे जातील. तिथे दोन्ही पाय सारखेच असतात असं धरून बूट बनवतात.

दवाखान्यातून येणारे गेले तर माझ्याकडे उरतात फक्त टाचा बदलून घेणारे. टाचांवर दुकान चालत नाही, हे तुला माहीत आहे.

तेव्हा ते कुलूप बसव. वेबसाइट तूच बनवलीस, कॉलेजात असताना, माझ्याकडून दोन जोड बूट उकळून.

फोन करू नकोस. घासायच्या मशीनशेजारी इतकी वर्षं काढल्यावर फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते. ई-मेलही नको. ई-मेलवर तू दोन ओळी लिहितोस. कागदावर पान भरतोस.

तुझ्या घरी सगळे ठीक असतील.

मावशी


९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

डॉक्टरीणबाई बरोबर सांगतात. पण तुझ्या दुकानात कुणी शिरलेलं नाही, एवढं मनातून काढून टाक. आत्ता तुझ्याकडे येणारं माप उघड्या कार्डावर येतं, असं समज. सुरक्षा प्रमाणपत्र बसवलं की ते बंद पाकिटात येईल, आणि पाकीट तुझ्याच दारात पडलं याचीही खात्री होईल. ब्राउझर ती खात्री करून घेतो आणि मग कुलूप दाखवतो.

अडचण एवढीच की तुझी वेबसाइट आमच्या कंपनीच्या जुन्या सर्व्हरवर आहे. नोकरी लागली तेव्हा मीच ती तिथे हलवली. तिथे एका खात्याला एकच प्रमाणपत्र बसतं, आणि त्या खात्यातली जागा भरलेली आहे. नव्या सर्व्हरवर वेगळं खातं काढता येईल, पण रांग मोठी आहे. आपला नंबर लागेपर्यंत उन्हाळा संपेल.

सोपा उपाय आहे. आमच्या कंपनीचं एक सामायिक प्रमाणपत्र असतं. छोटी दुकानं तेच वापरतात. एका दुपारचं काम. फक्त माप भरायचं पान उघडलं की वर पत्त्यात आमच्या कंपनीचं नाव दिसेल, आणि तुझं मागे बारीक अक्षरात.

आई बरी आहे. तू विचारलं नाहीस म्हणून सांगतो. लहान मुलांचे बूट अजून स्वतः शिवते. तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं हाड वाढलं आहे. ते दिसू नये म्हणून घरातही बूट घालून फिरते आणि विचारलं तर म्हणते, फरशी गार आहे.

पुढचं पाकीट घरच्या पत्त्यावर पाठव. मागचं ऑफिसात टेबलावर उघडं राहिलं. आता साहेबही मला खिळ्या म्हणतात.

खिळ्या


१४ फेब्रुवारी

खिळ्या,

नको.

कुणीतरी लंगडत माझ्या दारापर्यंत येणार आणि दारावर तुझ्या कंपनीची पाटी असणार. तो मागे फिरेल. मीही फिरले असते. माझ्याकडे येणारे लोक आधीच बिचकलेले असतात. कुणाचं पाऊल वाकडं, कुणाला दोन बोटं कमी. नाव ओळखीचं दिसलं तरच ते मोजे काढतात.

नाव माझं हवं. पूर्ण. बारीक अक्षरात नको.

आणि माप भरायच्या पानावर ती सूचना लाल कर. स्वतःचा पाय स्वतः आखू नका. खाली वाकलं की वजन पुढे जातं, पाऊल पसरतं, माप चुकतं. सरळ उभे राहा आणि घरातल्या कुणाकडून तरी आखून घ्या. एवढं लिहूनही लोक ऐकत नाहीत. मागे एका शिक्षकाने स्वतःच आखून पाठवलं. बदकाचा पाय वाटत होता. मी लिहिलं, बायकोला आखायला सांगा. त्यांनी उलट लिहिलं, आमचं सध्या बोलणं नाही. मी कळवलं, आधी बोला, मग माप पाठवा. परवा दुसरं माप आलं. चांगलं होतं. कडेला बायकोने लिहिलं होतं, यांना बूट जरा चावरेच करा.

तुझी आई ही सूचना गिऱ्हाइकांना तोंडी सांगायची तेव्हा सगळे ऐकायचे. तिचा आवाज तसा आहे. असो.

अंगठ्याचं वाचलं. त्यावर मी काही लिहीत नाही. फरशी गार नाही एवढं मलाही इथून कळतं.

मावशी


२१ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

कुलूप बसलं. उघडून बघ. पत्त्यात तुझंच नाव आहे, पूर्ण.

दुसरा मार्ग निघाला. तुझ्या खात्यावर आणखी एका दुकानाची वेबसाइट आहे. त्या दुकानाचं प्रमाणपत्र आधीपासून होतं. एका प्रमाणपत्रावर एकाहून जास्त नावं घालता येतात, म्हणून त्यातच तुझं नाव वाढवलं. ज्याचं प्रमाणपत्र असतं त्याची संमती लागते. त्याला एक संदेश जातो, 'हो' किंवा 'नाही' दाबायचं असतं. 'हो' मिळालं.

सूचना लाल केली आहे.

आज कामाची गडबड आहे, म्हणून अर्धंच पान.

खिळ्या


२ मार्च

खिळ्या,

डॉक्टरीणबाईंनी कुलूप बघितलं आणि माझा हात दाबला. त्यांनी लगेच तीन जणांना पाठवलं. एक बाई आहे, तिचा एक पाय दुसऱ्याहून आखूड. आजवर ती लांब झगा घालून उंचीतला फरक लपवत आली. तिचं माप बंद पाकिटात आलं असं तिला सांगितलं तेव्हा तिने आणखी एक गोष्ट लिहून पाठवली, जी तिने दवाखान्यातही सांगितली नव्हती. ती मी तुला सांगणार नाही. कुलूप त्यासाठीच आहे ना.

आता दुसरं. मी बूट हातात घेतला की आधी आत हात घालते, तुला माहीत आहे. वरून कातडं कितीही चकचकीत असो, शिवण आत कळते. तसंच त्या कुलपावर बोट ठेवलं. एक खिडकी उघडली. तिच्यावर बोट ठेवलं, आणखी एक उघडली. तिथे प्रमाणपत्र कुणाकुणाला दिलं आहे ते लिहिलेलं होतं. दोन नावं. वर तुझ्या आईच्या दुकानाचं, खाली माझ्या दुकानाचं.

धाकटीचं वर. असो.

मी मशीन बंद केली. एक गिऱ्हाईक येऊन गेलं, त्याला मी उद्या या म्हटलं. आज काय आहे असं त्याने विचारलं. मी कडी लावली.

'त्याची संमती' असं लिहून तू मला फसवलंस. चालेल. सरळ लिहिलं असतंस तर मी कागद फाडला असता. पण तिने 'हो' म्हटलं. तिला माझं नाव दिसलं, आणि तिने त्यावर बोट ठेवून 'हो' म्हटलं. मला हे तिच्याकडून अपेक्षित नव्हतं.

बाबांच्या फर्म्यांची गोष्ट तू ऐकली आहेस, पण तिच्याकडून, म्हणून माझ्याकडूनही ऐक. बाबा गेल्यावर दुकानाच्या पाटीवरून आमचं वाजलं, आणि ती निघाली तेव्हा फर्मे वाटायचे होते. ज्या लाकडी पावलांवर आम्ही बूट चढवतो ते. तिला कमी नको होते, मला जास्त नको होते. समान, असं ती म्हणाली. समान, मी म्हणाले. मग आम्ही समोरासमोर बसलो आणि प्रत्येक जोड फोडला. डावे माझे, उजवे तिचे. एकीलाही एक अख्खा बूट करता येणार नाही, हे आम्हाला दिसत होतं. मला वाटलं, डाव्यांसाठी ती परत येईल. तिला वाटलं असणार, उजव्यांसाठी मी जाईन. मग मी उजवे कोरले. तिने डावे कोरले. दोघींचे हात बाबांच्या हाताखाली तयार झालेले, त्यामुळे कुणाचंच अडलं नाही. अडलं असतं तर बरं झालं असतं.

काल मी लहान मुलांचे डावे फर्मे कापडात गुंडाळून तिला पाठवले. माझ्याकडे मुलं येत नाहीत. सोबत चिठ्ठी घातली नाही. तिला कळेल.

तू मधे बोलू नकोस.

मावशी


९ मार्च

प्रिय मावशी,

मला बोलावं लागणार आहे.

फर्मे रविवारी पोचले. मी घरीच होतो. आईने कापड सोडलं, एकेक फर्मा टेबलावर मांडला, टाचा एका रेषेत. मग हात धुतले. मग मला विचारलं, ताईचं दुकान चालू आहे ना? मी चालू आहे म्हटलं. तब्येत? तीही चांगली आहे, मी म्हटलं. जेवताना फर्मे टेबलावरच होते. आम्ही ताटं कडेला सरकवून जेवलो.

मावशी, आईने 'हो' म्हटलेलं नाही. तिच्या वेबसाइटची सगळी देखभाल मीच करतो, पासवर्ड माझ्याकडे असतो. तुझं नाव वाढवायची विनंती तिच्या खात्यात गेली आणि मी तिथे जाऊन 'हो' दाबलं. तिला विचारलं नाही. विचारायला तीन वेळा तिच्या कामाच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. तिसऱ्या वेळी तिने विचारलं, भूक लागली आहे का? मी हो म्हटलं.

मला वाटलं, कुणी त्या कुलपाच्या आत बघत नाही. मी या धंद्यात आहे आणि आजवर एकही माणूस बघितला नव्हता जो आत बघतो.

तुझं मागचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'तिला कळेल' हे वाक्य वाचवत नाही.

खिळ्या


१३ मार्च

खिळ्या,

माझं नाव काढ.

तुझ्यावर रागावलेली नाही. थोडी रागावले आहे. तू कशासाठी केलंस ते कळतं, आणि लहानपणीही तू खिशात खिळे भरून आमच्या दोघींच्या टेबलांमधे फिरायचास, इकडचे तिकडे करायचास. तेव्हा चालायचं.

पण न विचारलेल्या जागी बसायची मला सवय नाही. तिच्या शेजारी तर मुळीच नाही. तिने उद्या कुलूप उघडलं आणि माझं नाव बघितलं, तर तिला वाटेल मी मागच्या दाराने आले. फर्मे पाठवले ते पाठवले. ते परत मागणं बरं दिसणार नाही.

दवाखान्याला मी कळवते की थांबा. थांबले नाहीत तर टाचा आहेत.

मावशी


१७ मार्च

प्रिय मावशी,

नाव काढायलाही तिचीच संमती लागते. प्रमाणपत्र तिचं आहे. एक नाव वाढलं किंवा कमी झालं की ते नव्याने काढावं लागतं, आणि दर वेळी तिला विचारलं जातं. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं.

या वेळी मी काही दाबलं नाही. विनंती तिच्या फोनवर पाठवली आणि जाऊन तिला सांगितलं, आई, फोन बघ. मावशीच्या नावाबद्दल आहे. सगळं सांगितलं. आधी कुणी 'हो' दाबलं होतं तेही. तिने चष्मा लावला, माझ्याकडे बघितलं, फोन घेतला आणि कामाच्या खोलीत जाऊन दार लावलं.

तिने 'हो' दाबलं तर तुझं कुलूप लगेच जाईल. दवाखाना महिनाअखेरीला सगळ्या वेबसाइट तपासणार आहे असं तू लिहिलं होतंस. तोपर्यंत मला दुसरी सोय करता येणार नाही, हे खरं सांगतो. साहेबांच्या हातापाया पडून बघितलं.

हे पाकिटात घालेपर्यंत ती बाहेर आलेली नाही.

खिळ्या


१८ मार्च

ताई,

इतक्या वर्षांनी कागद पुढे घेतला तर पहिलं वाक्य सुचेना, म्हणून कामाचंच लिहिते.

तुझं नाव काढायची विनंती आली. मी 'नाही' दाबलं.

तुझ्या भाच्याला वाटतं, त्याने मला कळू न देता 'हो' दाबलं. एवढं शिकला, पण असल्या प्रत्येक बटणाची पोच माझ्या फोनवर येते हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याच दिवशी आली. आपण संमती दिली आहे, धन्यवाद. मी तेव्हा एका छोट्या बुटाला नाडीची भोकं पाडत होते. फोन उलटा ठेवला. सगळी भोकं पाडून झाल्यावर कुलूप उघडून बघितलं. आपण दोघी उलटं करून बघितल्याशिवाय काही घेत नाही, ते तो विसरला. खाली तुझं नाव होतं.

मला वाटलं, तू मागितलंस. तू त्याला सांगितलंस आणि माझ्यासमोर उभं राहून विचारायची त्याची हिंमत झाली नाही, असं मी धरून चालले. म्हणून मी गप्प बसले. बोलले असते तर तू मागे घेतलं असतंस. मग रोज काम सुरू करण्याआधी एकदा कुलूप उघडायचे, नाव आहे ना ते बघायचे, आणि बंद करायचे. मग फर्मे आले. चिठ्ठी नव्हती. आधी वाटलं, दुकान मोडलं की काय. मग कापडाची गाठ बघितली. दुकान मोडणारी बाई इतकी घट्ट गाठ मारत नाही.

काल सगळं कळलं. तू काही मागितलं नव्हतंस, मी काही दिलं नव्हतं. दार लावून बसले. आधी वाईट वाटलं, मग हसू आलं. पोराने दोघींच्या वतीने दाबलं आणि दोघी खूश होऊन बसलो.

त्याने मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. तुला विचारलं असतं तर तूही. त्याने विचारलं नाही ही चूक आहे, आणि त्याबद्दल तो सध्या माझी भांडी घासतो आहे. पण आता मला विचारलं गेलं आहे, आणि माझं उत्तर मी दाबलं आहे.

पाटीच्या वेळी तू म्हणाली होतीस, पाटी लहान आहे, दोन नावं मावणार नाहीत. हे कुलूप नखाएवढं आहे ताई.

बाबांचा सगळ्यात छोटा डावा मी कोरलेल्या डाव्याशेजारी ठेवून बघितला. टाचेत माझा बरा आहे. बाबांचा टाचेत सैल. तू कबूल करणार नाहीस.

बाकीचं तुझ्या वेबसाइटवर पाठवलं आहे. वाटेत कुणी वाचणार नाही असं म्हणतात.

बारकी


२४ मार्च

बारके,

तुझा फॉर्म मिळाला. दवाखान्याने पाठवलेल्यांच्या मधे होता. नाव वाचायच्या आधी अंगठ्यावरून ओळखलं. बाबांचाही असाच वाढला होता.

डॉक्टरीणबाईंनी काल पुन्हा वेबसाइट बघितली आणि त्यांच्या यादीत आमचं नाव कायम ठेवलं. आमचं असं मी बोलून गेले. त्यांनी विचारलं, आमचं म्हणजे? मी कुलूप उघडून दाखवलं.

बाबांचा फर्मा टाचेत सैल नव्हता. तुझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या टाचा बारीक आहेत. ते समोर बसून बोलू. त्याचा जोडीचा उजवा सोबत आण.

आता मापाचं. हे माप चुकीचं आहे. तू स्वतः आखलं आहेस. अंगठ्यापाशी पेन्सिल थांबली, तू तोल सावरलास आणि रेघ दोनदा गेली. पाऊल पसरलं आहे. घरात मुलगा असताना तू स्वतः वाकून आखलंस. पानावर लाल अक्षरात काय लिहिलं आहे ते तुला पाठ आहे. ते वाक्य तुझंच आहे. मी फक्त छापलं.

अशा मापावर मी बूट करत नाही, तुलाही नाही. भाच्याची भांडी घासून झाली असतील तर त्याच्याबरोबर ये. त्याला सांग, खिशात काही घालून आणू नकोस.

खिडकीजवळची जागा रिकामी केली आहे, तिथे उजेड चांगला असतो. कागद अंथरते. तू सरळ उभी राहा. मी वाकते.

ताई